पोटातली बिऱ्हाडं

(निपाणीजवळच्या गावातलं जैन घर. सोप्यात सासू धोंडूबाई, सासरे चंद्रप्पा, सून सोनल. दिवस कलायला आलाय.)

सोनल: आत्या, दोन घास खावा की. एकदा दिवस मावळला की सकाळपर्यंत तुम्ही तोंड उघडणार न्हाई.

धोंडूबाई: उपास हाय म्हटलं न्हवं? कालबी हुता.

सोनल: टायफॉईडमधनं आत्ता कुठं उठलाय! सकाळी नळावर चक्कर आली ती इसरलासा?

धोंडूबाई: डाक्टर काय म्हणला? "गोळ्यांनी वाईट जंतू मेले, त्यांच्यासंगं पोटातले चांगलेबी मेले." अगं, मुंगी दिसली तर मी पाऊल उचलते. आन् माझ्याच पोटात एवढी जीवहत्या! प्रायश्चित्त नको?

चंद्रप्पा: नशीब, पोलीस आले न्हाईत.

धोंडूबाई: गप बसा! तुमास्नी सगळ्यात चेष्टाच सुचती.

सोनल: मुद्दाम थोडंच मारलं? आणि सगळे मेले न्हाईत. लई उरलेत अजून.

धोंडूबाई: उरलेत?

सोनल: तर! शाळेत मी पोरांना हेच शिकवते. आपण खातो त्यातलंच ते खातात, पचवायला मदत करतात, रोगाला आत थारा देत न्हाईत.

धोंडूबाई: म्हंजे माझ्या पोटात बिऱ्हाडं हायती, आन् मलाच पत्ता न्हाई?

चंद्रप्पा: भाडं मागू नगंस म्हंजे झालं.

सोनल: आणि कालपासनं तुम्ही उपाशी, म्हणजे तीबी उपाशी.

धोंडूबाई: अगं बाई! त्यांनी काय पाप केलंय?

सोनल: तेच म्हणते मी. दहीभात आणू? सकाळीच विरजलंय, ताजं हाय.

धोंडूबाई: दह्यातबी जीव असत्यात की गं.

सोनल: सगळे मरत न्हाईत आत्या. काही जातात आत नांदायला.

धोंडूबाई: नांदायला? मग आण. पर गावभर सांगू नगं. भूक मला न्हाई, त्यांस्नी लागल्या.

चंद्रप्पा: सोनल, मलाबी वाढ गं थोडं.

धोंडूबाई: दुपारी जेवलासा न्हवं?

सोनल: कुठलं आत्या! मामा कालपासनं ताट तसंच परत पाठवायलेत. तुम्हाला सांगू नको म्हणाले.

धोंडूबाई: का ओ?

चंद्रप्पा: तू तिकडं भिंतीकडं तोंड करून पडलेली. भाकरी घशाखाली उतरंना.

धोंडूबाई: सोनल, आधी ह्यांस्नी वाढ.