गोगलगायी पाण्याबाहेर

तुम्ही हसाल, पण त्या दिवसापासून मी आमच्या फिशटँककडे पाठ करून बसत नाही.

सकाळी माझी तीन वर्षांची अन्वी म्हणाली, "आई, गोगलगायी चालल्या." पाहते तर सगळ्या गोगलगायी पाण्याबाहेर, काचेच्या कडेला चिकटलेल्या. तळाशी लाल झिंगे आडवे पडलेले. आणि त्यांच्यावरून गप्पी मासे मजेत फिरत होते.

माझंच काही चुकलं, हे मी नेहमीप्रमाणे आधी ठरवून टाकलं. मग सासूबाईंना विचारलं.

"पाणी कमी दिसे, तं मी रोज गुंडातलं ओतो," तांब्याच्या घागरीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "तांब्याचं पाणी चांगलं असते. आपण नाई पेत का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. थोडं तांबं मासे सोसतात; झिंग्यांना, गोगलगायींना तेच विष. मी धावपळ करून पाणी बदललं. गोगलगायी हळूहळू खाली उतरल्या, एक सोडून.

दुपारी सासूबाईंनी गुंडातलं पाणी अन्वीला दिलं. तिने टँककडे पाहिलं आणि पेला दूर सारला.

"गोगलगाय नको म्हणते."

माणसांना त्या पाण्याने काही होत नाही, हे मी तिला चांगल्या शिकलेल्या आवाजात समजावलं. आणि माझ्या हातातला पेला हळूच खाली ठेवला.