बेसूर ससा

...आणि वर मलाच म्हणतात, "एवढं काय घाबरायचं त्यात!" अहो, घाबरू नको तर काय करू? तुम्ही कधी ससा झालायत का? मी झालोय! परवा सकाळी, उणे बारा थंडीत, झुडपात मांडी घालून बसलेला, मरायला टेकलेला ससा! आणि कशामुळे, तर बोटाएवढ्या चार बॅटऱ्यांमुळे!

तुम्हाला सांगतो, एप्रिल म्हणजे आमच्याकडे बर्फ असतानाच मेंढ्या विण्याचे दिवस, आणि एका आठवड्यात कोयोटीनं, म्हणजे आमच्याकडच्या लांडग्या-कोल्ह्याच्या भाऊबंदानं, तीन कोकरं नेली. तीन! त्यातलं तिसरं तर मार्लिसनं, म्हणजे आमच्या बायकोनं, स्वयंपाकघरात खोक्यात ठेवून बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. सोमवारी बाहेर सोडलं, मंगळवारी कुंपणापाशी नुसती गळ्यातली लाल रिबीन. मार्लिस रडली नाही, ओरडली नाही, तिनं ती रिबीन फक्त माझ्या ताटाशेजारी ठेवली. आता जेवा! म्हणजे जाणं आलंच की नाही?

आता आमचे सासरे. ऑरिन. वय एक्याऐंशी, खुबा नुकताच बदललेला, डॉक्टरनं सांगितलंय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून दिवसभर खिडकीत बसून एकच उद्योग... मला टोमणे! कारण माझ्याकडे भोंगा आहे. तो पन्नास पावलांवर ठेवायचा, आपण लांब झुडपात दडायचं, रिमोट दाबायचा, की भोंगा जखमी सशासारखा रडतो, कोयोटी भोंग्याकडे धावतो, आणि आपण इकडून शांतपणे नेम धरायचा. साधं काम! पण सासऱ्यांच्या डोळ्यांत तो भोंगा खुपतो. त्यांच्या काळी लाकडाची बोटभर पिपाणी तोंडात धरून फुंकायचे म्हणे. तसली एक मला लग्नात दिली. लोक जावयाला घड्याळ देतात हो! ह्यांनी पिपाणी दिली, स्वतःच्या दातांच्या खुणांसकट! आणि थंडी पडली रे पडली की तेच पालुपद, "बॅटरी थंडीत मरते, जावईबापू. फुंकर मरत नाही!"

बरं, मला ती वाजते का? मी फुंकली की कुत्रं सोफ्याखाली! मार्लिस विचारते, "आर्लेन, ससा मरतोय की फाटक गंजलंय?" चर्चच्या जेवणात लोक मला मुद्दाम वाजवायला लावायचे, हसून हसून खाल्लेलं पचायला!

तर परवा. नाश्त्याला पॅनकेक. मी जाहीर केलं, "उत्तरेच्या कुरणात जातो." सासरे म्हणाले, "जा हो, जपून." जपून! ह्या माणसानं वीस वर्षांत मला कधी जपून म्हटलं नव्हतं. तिथंच ओळखायला हवं होतं, पण माझी अक्कल पॅनकेकमध्ये बुडालेली.

गेलो, तर वारा फिरलेला. वारा पाठीवर असला की कोयोटीला आपला वास जातो, मग कसला येतोय तो! म्हणून गाडी वळवली, दक्षिणेच्या घळीत आलो. उजाडत होतं. भोंगा ठेवला, झुडपात बसलो, रिमोट दाबला... काही नाही. पुन्हा दाबला... काही नाही. भोंग्याला जाऊन थापट्या मारल्या, बॅटऱ्या काढून काखेत धरल्या, फुंकल्या, विनवण्या केल्या... गार! आणि जास्तीच्या बॅटऱ्या कुठे? घरी, फ्रिजवर! खिसे चाचपले, तर हाताला काय लागलं? पिपाणी! मी घेतली नव्हती हो, देवाशपथ! म्हाताऱ्यानं कोटात सरकवलेली! कानात आवाज घुमला, "बॅटरी थंडीत मरते, जावईबापू..."

पिपाणी तोंडात धरली आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. भोंगा असला की ससा तिकडे पन्नास पावलांवर. पिपाणी असली की ससा कोण? मी! जे काही येणार ते थेट माझ्या तोंडाशी येणार! आणि येणारा कोयोटीच असेल असं कुणी सांगितलंय? आमचा शेजारी स्कॉगलंड असाच फुंकत बसलेला, तर मागून प्यूमा, म्हणजे आमच्या डोंगरातला बिबट्याच, आला. नुसता आला, हुंगलं, गेला. तेव्हापासून स्कॉगलंड चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो, पाठ भिंतीला लावून! ते आठवलं आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मान वळवावी तर हालचाल दिसते, न वळवावी तर... तर मागे कोण आहे?

घाबरत घाबरत फुंकलं. आणि काय सांगू... सूर लागला! वीस वर्षांत पहिल्यांदा! भीतीनं ओठ थरथरत होते ना, तर असा काही कळवळला तो ससा, की मलाच माझी दया आली. तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा अस्सल!

आणि समोरून, घळीच्या पलीकडून, हेल निघाला. "आऊऽऽऽ..." घोगरा, म्हातारा, अनुभवी. हाच तो, तीन कोकरं खाल्लेला! मी बंदूक उचलली, दुर्बिणीला डोळा लावला, तर दुर्बिणीत अख्खी टेकडी नाचतेय. मग झुडपावर दिसले दोन कान. तपकिरी, केसाळ, ताठ. हळूच सरकले, थांबले, माझ्याकडे वळले.

धरला नेम. दोन कानांच्या बरोबर मधोमध. चापावर बोट... डोळ्यासमोर लाल रिबीन. फक्त डोकं जरा वर यायला हवं होतं. त्यासाठी काय करतात? एक बारीकसा चीत्कार. म्हणून पिपाणी दातात धरून हळूच फुंकलं, तर माझ्या श्वासाच्या वाफेनं आतली पत्ती गोठलेली, आणि आवाज निघाला... "भ्भॉंऽऽऽक्!"

आणि कोयोटी बोलला हो! झुडपातून! "आर्लेन? अरे गाढवा, पिपाणी काखेत धर, पत्ती गोठलीय!"

तुम्हाला सांगतो, माझं बोट चापावरून निघेना. दुसऱ्या हातानं सोडवलं, एकेक करून. समोर सासरे उभे. डोक्यावर त्यांची ती कोयोटीच्या कातड्याची टोपी, कानपट्टे वर बांधलेले! मार्लिस गोठ्याकडे गेली तशी मागच्या दारानं सटकले, जुनी गाडी काढून. जावई उत्तरेला गेलाय म्हणून हे दक्षिणेला! मघाचा तो हेलही ह्यांचाच, कोयोटीला बोलवायला! आणि हातात बंदूक... माझ्याकडे रोखलेली.

मी म्हटलं, "तुम्ही... माझ्यावर नेम धरला होतात?"

"धरला होता."

"कधीपासून?"

"पहिल्या सशापासून. झुडपात तपकिरी काहीतरी हललं. म्हटलं, कोयोटी सशावर आला."

"अहो, पण ससा मीच वाजवत होतो ना!"

तर म्हातारा खाली बघत म्हणाला, "इतका खरा होता रे... तू असशील असं मनातच आलं नाही."

आम्ही दोघं तिथंच बर्फात बसलो. थर्मासमधली कॉफी ओतली, ती निम्मी मांडीवर. मी त्यांना मारलं असतं. तेवढंच एक डोक्यात, मारलं असतं, आणि घरी जाऊन मार्लिसला काय सांगितलं असतं? आणि वर बघतो तर टेकडीवर खराखुरा कोयोटी! बसलेला! एकदा ह्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. आम्ही बंदुका उचलल्या नाहीत. जांभई देऊन गेला.

घरी मार्लिसनं बापाला असं काही झापलं की बस. मग मला विचारलं, "दोघांचे चेहरे पांढरे का?" सासरे म्हणाले, "थंडी." मी म्हटलं, "थंडी." तेव्हापासून टोपीचे कानपट्टे खाली बांधलेत, घरात जेवतानासुद्धा. त्यावर आम्ही बोलत नाही.

पण रिबीन अजून ताटाशेजारीच आहे. मार्लिसनं नव्या बॅटऱ्या आणून ठेवल्यात, वर म्हणते, "आणि पिपाणीचाही जरा सराव कर." तर सासरे ताडकन उठले, बदललेल्या खुब्यावर! "काही गरज नाही! छान वाजवतो तो, भ्भॉंक!"

उद्या पुन्हा जायचंय. ह्या वेळी कोण कुठे बसणार ते कागदावर लिहून, दोघांच्या सह्या करून. थंडी उणे पंधरा सांगितलीय, म्हणजे बॅटरी मरणारच, फुंकर काही मरणार नाही. मी आपलं रोज झोपताना हात जोडून एवढंच मागतो... देवा, बाकी काय करायचं ते कर, पण माझा सूर तेवढा लागू देऊ नकोस!