शेरीफची हॅट

आर्डिस : नाही म्हटलं ना. दार उघडणार नाही. तू बाहेर, मी आत, तोवर सगळं ठीक आहे.

वेंडल : काकू, सगळं ठीकच आहे. मी मघापासून तेच सांगतोय.

आर्डिस : गाडीतून उतरलास तेव्हा तुझ्या डोक्यावर हॅट नव्हती, वेंडल. मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते. सगळं दिसतं इथून.

वेंडल : हॅट गाडीत ठेवलीय.

आर्डिस : हॅरॉल्ड पवनचक्कीवरून पडला त्या दिवशीही तू असाच उतरलास. बोडक्या डोक्यानं. फाटकातल्या लोखंडी पट्ट्यांवर गाडी खडखडली, मी मान वर केली, आणि तू तोंड उघडायच्या आधीच मी विधवा झाले होते. या काउंटीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. शेरीफ हॅट घालून आला, तर गुरं रस्त्यावर गेली असतील, नाहीतर कोर्टाचा कागद असेल. हॅट काढून आला, की कोणीतरी गेलं.

वेंडल : हे मला कधी कोणी बोललं नाही.

आर्डिस : कोण बोलणार? तू तसा आलास की कोणाला गप्पा सुचतात?

वेंडल : लोर्ना म्हणाली म्हणून काढली. हॅटखाली तुझा चेहरा दिसतच नाही, लोकांना जरा चेहरा दिसू दे, म्हणाली.

आर्डिस : तुझ्या बायकोला कशाला मध्ये घेतोस? आणि पायरीवर उभं राहून काय विचारलंस? ‘मिसेस आर्डिस होल्मक्विस्ट आपणच का?’ एवढासा होतास तेव्हापासून मी चालवायचे त्या शाळेच्या बसमध्ये बसलास, पुढच्या सीटवर ओकलास, ते मी पुसलं. आणि आज मी कोण म्हणून मलाच विचारतोस?

वेंडल : तेही लोर्नानंच पाठ करून घेतलं. पूर्ण नाव घेतलं की माणसाला मान दिल्यासारखं वाटतं म्हणे.

आर्डिस : लष्करात असंच विचारायचास ना? हॅरॉल्डला तूच सांगितलं होतंस. इराकहून परत आल्यावर तुला दारोदार पाठवायचे. कडक इस्त्रीचा गणवेश. आधी नाव विचारायचं, मग मुलगा गेल्याचं सांगायचं. फोनवर नाही, बंद दारातून नाही. समोरासमोर.

वेंडल : हो. तसाच नियम होता.

आर्डिस : मग झालं तर. दार बंद आहे. नियम मोडू नकोस.

वेंडल : काकू, ग्रेडीला काही झालेलं नाही.

आर्डिस : मी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

(आत खुर्ची सरकल्याचा आवाज.)

वेंडल : काकू? आर्डिसकाकू, ऐका. तुम्हाला मुलगा एकच, म्हणून त्याचं नाव तोंडात आलं. त्याचा ट्रक मी सकाळीच पाहिला. गुरांच्या बाजाराबाहेर उभा होता, रिकामा, धुऊन काढलेला. तो स्वतः समोरच्या खानावळीत होता. मी खिडकीवरून गेलो तर त्यानं हात केला.

आर्डिस : लांबून कोणीही ग्रेडीसारखा दिसतो.

वेंडल : अंड्यांवर तिखट सॉस ओतत होता.

आर्डिस : किती?

वेंडल : अंडी दिसत नव्हती.

आर्डिस : मग माझाच. सोमवारपासून फोन का नाही त्याचा?

वेंडल : ते त्याला विचारा. त्याबद्दल अटक करता येत नाही, नाहीतर केली असती.

आर्डिस : तुला खरंच काही सांगायचं नाहीये?

वेंडल : नाही.

आर्डिस : मग आलास कशाला?

वेंडल : मत मागायला.

आर्डिस : काय मागायला?

वेंडल : मत. शेरीफची निवडणूक आहे ना. पत्रकं आणलीत. त्यावर माझा फोटो आहे. बिनहॅटचा.

आर्डिस : थांब, कडी काढते. अशी अडकलीय मेली... हं. ये आत. दे बघू ते. मी इथे कडी लावून बसले, आणि हा बाबा फोटोत दात काढतोय.

वेंडल : हसायलाही लोर्नानंच सांगितलं.

आर्डिस : असा आणखी कोणाकोणाकडे जाऊन आलास?

वेंडल : या रस्त्यावरची सगळी घरं झाली. मॅटसनांकडे गेलो तर सगळे मागच्या दारानं निघून गेले. पुढच्या घरचा यूजीन गोठ्यात शिरला तो बाहेर आलाच नाही. क्लारा पेडरसननं दार उघडलं, मला मिठी मारली आणि रडायला लागली. कोणासाठी रडतेय ते तिलाही माहीत नव्हतं. मला वाटलं, निवडणुकीत माझ्यासमोर उभा आहे त्या टॉडनं माझ्याविरुद्ध काहीतरी पसरवलंय.

आर्डिस : टॉड कशाला कष्ट घेईल? तूच फिरतोयस की दारोदार.

वेंडल : त्याला लोक बसवून घेतात म्हणे.

आर्डिस : मीही बसवलं. इतकी वर्षं गुरांचं खाद्य विकलंय त्यानं, माणसाशी बोलायचं कसं ते येतं त्याला. माझी निम्मी बिस्किटं संपवून गेला. हसरा आहे.

वेंडल : सभेत काय म्हणाला ते ऐकलंत? कोणी गेल्याची बातमी द्यायला एवढ्या लांब गाडी पाठवायची म्हणजे पेट्रोलची नासाडी. एक फोन केला की काम झालं.

आर्डिस : ऐकलं. टाळ्याही वाजवल्या. पेट्रोलचं मला पटलं होतं.

वेंडल : काकू, मी लष्कर सोडून गावी आलो तो त्या दारांना कंटाळून. वाटलं, इथे माणसांपेक्षा गुरं जास्त, कोणाचं दार वाजवायला नको. मग तुम्ही सगळ्यांनी धरून शेरीफ केलंत. दारं तीच. फक्त आता आतली माणसं ओळखीची. हरलो तर सुटेन मी.

आर्डिस : मग हर की. अशीच पत्रकं वाट, नक्की हरशील.

वेंडल : पण तेव्हा टॉड शेरीफ असता, तर हॅरॉल्डकाकांचं तुम्हाला फोनवर कळलं असतं. इथे, ओट्यापाशी, एकट्या असताना. तेवढ्यासाठी उभा राहिलोय मी. सभेत हे बोलायला गेलो की शब्द फुटत नाही.

आर्डिस : बरंय फुटत नाही ते. सभेला लोक जेवायला आलेले असतात.

वेंडल : म्हणून पत्रकं छापली.

आर्डिस : त्या दिवशी तू किती वेळ बसला होतास ते मला आठवतच नाही. भांडी घासलेली होती, एवढं आठवतं.

वेंडल : ती मीच घासली.

आर्डिस : ठाऊक आहे. सगळी चुकीच्या कपाटात होती.

वेंडल : मग... मत?

आर्डिस : मताचं बघू. आधी जा, गाडीतून हॅट घेऊन ये. घाल, आणि तिथपासून चालत ये. मला खिडकीतून बघायचंय.

वेंडल : आत्ता?

आर्डिस : आत्ताच. जा. (वेंडल गाडीपर्यंत जातो, हॅट घालून चालत येतो.) हं. असा. आता माणसात आल्यासारखा दिसतोस. बाकीच्या रस्त्यांवरच्या घरी असाच जा. आणि माझ्याकडे यापुढे कधीही, कशासाठीही आलास, तरी हॅट घालूनच यायचं.

वेंडल : कशासाठीही? पण काकू, उद्या जर खरंच काही...

आर्डिस : तेव्हाही. आत यायचं, बसायचं, मला कॉफी ओतू द्यायची. मग काढ.