बहुमताचा वास

आता मला सांगा, वास नाकाला येतो की हाताला? नाकाला ना? मग आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत वासाचा निकाल हात वर करून कसा काय लागतो?... तुम्हाला सांगतो, हा प्रश्न माझा नाही हो, आमच्या दशरथचा! गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला सरळ माणूस, कमिटीवर असूनसुद्धा कधी ब्र काढला नाही, आणि त्याची वाट लावली कुणी? तर अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका ग्रीक म्हाताऱ्यानं!

त्याची मुलगी शुभा बी.ए.ला. परीक्षेचं मोठ्यानं वाचत होती, की अथेन्सचा सॉक्रेटिस भर बाजारात लोकांना विचारायचा, जहाजाला जाणता कप्तान लागतो, मग शहर चालवायला नुसते हात कसे पुरतात?... दशरथचा चहा निवला! कारण संपाच्या वेळी गिरणीच्या गेटवर हजारो हात वर झाले, त्यांत त्याचाही होता, आणि ते शहाणपण होतं की नुसती गर्दी, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

‘अगो, मगे त्याचा काय झाला?’

‘काय होणार बाबा, शहरानं मतदान केलं आणि विष पाजलं!’

हात वर केले की झालं!

रविवारी मीटिंग. तळमजल्याची कमळमावशी मढहून मासळी आणून विकते, टोपली जिन्याखाली ठेवते. आमचा सेक्रेटरी जयवंत घसा खाकरून म्हणतो, ‘पाहुण्यांसमोर या वासाची लाज वाटते हो! टोपली गेटबाहेर! हात वर!’ झाले की सगळे वर! माझापण, खोटं कशाला बोलू... मावशी नुसती पदर चाचपत उभी. आणि दशरथ उठला.

‘जयवंता, काल तुझ्या घरी काय होतं रे?’

‘बांगडा. का?’

‘कुणाकडचा?’

‘मावशीचा...’

‘मग तेव्हा वास कुठे गेला होता?’

असा भडकला जयवंत! म्हणाला, ‘याला कमिटीतून काढा! हात वर!’

हात वर केले की झालं!

घरी येऊन दशरथ जेवेना. शुभा समजूत काढायला म्हणाली, ‘बाबा, सॉक्रेटिसचा चेला प्लेटो, तोही असाच चिडला. म्हणाला, गर्दीचं राज्य नको, शहाण्यांचं हवं.’ दशरथ ताट बाजूला सारून म्हणतो, ‘पण गो, शहाणो कोण, ता कोण ठरवतला? जयवंत तर आजच स्वतःक शहाणो समजता!’ शुभा पुस्तकाची पानं उलटीसुलटी चाळायला लागली.

मावशी टोपली घेऊन गेली थेट मालाडच्या बाजारात. आमच्या दारावर मासळी बंद! नुसत्या डाळीवर आठवडा गेला, आणि पुढच्या मीटिंगला, कधी न येणाऱ्या बायका हजर! सगळ्यांत पुढे जयवंतची रत्नप्रभा: ‘टोपली जिन्याखाली! आणि दशरथभावजींना परत कमिटीवर! हात वर!’ झाले ना वर, तेच सगळे, जयवंतचासुद्धा!

मावशी पदरानं डोळे पुसायला लागली, पण दशरथचं तोंड अजून वाकडंच. म्हणाला, ‘अरे, न्याय पटला म्हणून नाही, जिभेला चव नव्हती म्हणून हात वर केलेत तुम्ही! बहुमत चुकतं, एवढं तरी कबूल करा!’

तर जयवंतनं तेवढ्याच गंभीरपणे ठराव मांडला: बहुमत चुकतं. आणि तुम्हाला सांगतो, एकजात सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला... दशरथनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बिचाऱ्यानं हळूच आपलापण वर केला.