युद्धविरोधी थप्पड

(क्योतो, १९५३. स्टुडिओत बराकीचा सेट. रंगरूट झालेल्या नटांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या. जेवणाची वेळ टळून गेलेली.)

दिग्दर्शक त्सुबोता: पुन्हा घ्या. योनेकुरा, तू समोरच्याला थोबाडीत मारतोयस की त्याच्या गालाला पावडर लावतोयस?

योनेकुरा: साहेब, समोरच्या या सेगावाचा उजवा कान बाँबहल्ल्यात बहिरा झाला. राहिला डावा. माझा हात नेमका त्याच्यावर बसणार.

त्सुबोता: मग डाव्या हातानं मार.

कुरामोची: छे. फौजेत डावखुरं कुणी नसतं.

त्सुबोता: बरोबर. कुरामोची, तुम्ही खरेखुरे हवालदार होता. रंगरुटांना एकमेकांना मारायला लावायचात, तेव्हा कुणी नाही म्हणायचं?

कुरामोची: म्हणायचा एखादा. त्याला बोटही लावायचं नाही. त्याची अख्खी रांग उपाशी उभी करायची. पुढचं रांगच बघते.

त्सुबोता: अमानुष! हेच दाखवायचंय मला. ऐका रे सगळे, योनेकुरा नीट मारत नाही तोवर कुणी जेवायला हलायचं नाही.

कुरामोची: साहेब, तुम्ही कॅप्टन झाला असता.

त्सुबोता: मी? मला फौजेची शिसारी आहे. युद्धाविरुद्ध चित्रपट काढतोय मी.

कुरामोची: म्हणून तर इतक्या तळमळीनं करताय. आम्हाला नुसता वरचा हुकूम असायचा.

योनेकुरा: साहेब, चपराकीचा आवाज नंतर भरता येतो.

त्सुबोता: आणि डोळ्यांतलं पाणी? हे दृश्य पाहून एकही आई पुन्हा मुलाला युद्धावर धाडणार नाही. तू एका गालाचं काय घेऊन बसलायस?

योनेकुरा: गालाचं नाही, कानाचं... कोण ढोसतंय रे मागून? भाताचे मुटके काय पळून चाललेत?

कुरामोची: रांग आहे ती. बोललो नव्हतो?

योनेकुरा: सेगावा, तू तरी सांग यांना. काय? नाही, मी नाही मारणार. लोक चिडलेत तर चिडू देत... असं नको ना बोलूस.

त्सुबोता: तो स्वतःच म्हणतोय, मार एकदाची. कॅमेरा!

योनेकुरा: दात घट्ट आवळ. माफ कर मला.

त्सुबोता: कट! वा, काय चेहरा मिळाला! ही चपराक बसली ती थेट लष्करशाहीच्या थोबाडीत. चला, जेवून घ्या सगळे. सेगावा, शाबास. झालं तुझं. अरे, ताठ काय उभा राहिलास, जा की.

योनेकुरा: त्याला ऐकू येत नाहीये.

त्सुबोता: ...आता?

कुरामोची: खुणेनं सांगा. आम्ही तसंच करायचो.