फुटक्या मडक्यांचं अनुदान

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे. राजाने पैसा कुणाला द्यावा — ज्याचं जमलंय त्याला, की ज्याचं अजून जमायचंय त्याला? अहो पुढच्या रांगेतले, मान डोलवू नका. उत्तर अजून दिलेलं नाही!

एका राज्यात गेनू कुंभार राहायचा. मडकी भाजायचा आवा पेटला, की सगळी आळी धुरात! बायको ठकू आवा रचायची आणि खोकायची. वैद्य म्हणाला, धूर थांबल्याशिवाय औषध लागू पडायचं नाही. गेनूच्या मनात नव्या घाटाचा आवा होता — निम्म्या लाकडात भाजणारा, धूर आतच जाळणारा. पण मनातल्या आव्यात मडकी भाजत नाहीत. गेला दरबारात.

प्रधानजींनी विचारलं, हा आवा चालतो याचा पुरावा?

"चालत असता, तर मी इथे कशाला आलो असतो?"

उत्तर उद्धट वाटलं, पण अनुदान मंजूर झालं. अट एकच — एकही मडकं फुटता कामा नये. राजाच्या पैशाने फुटकं मडकं? केवढा अपशकुन!

आता गेनूला ठाऊक, नव्या आव्यात पहिल्या खेपेला निम्मी फुटणारच. मग काय केलं असेल त्याने? नवा आवा बांधला, छान लिंपला, झेंडूची माळ घातली. आणि मडकी भाजली मागच्या परसात, जुन्याच आव्यात! एकही फुटलं नाही. प्रधानजींनी लिहिलं — संशोधन यशस्वी.

राजा पाहायला आला. मडकं वाजवलं — खणखणीत! तेवढ्यात परसातून ठकूचा खोकला. थांबेचना.

राजा म्हणाला, "आवा बिनधुराचा, मग ही कशाने खोकते?"

"आनंदाने, महाराज," प्रधानजी म्हणाले.

गेनूला ते ऐकवेना. "महाराज, नवा आवा मी पेटवलाच नाही. फुटायची भीती होती."

राजाने हातातलं मडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "तर मग फोड. तीन वर्षं फोड. मात्र प्रत्येक मडकं का फुटलं, ते पंचक्रोशीतल्या कुंभारांना सांगायचं."

पहिल्या वर्षी खापरांचा ढीग छपराला टेकला. दुसऱ्या वर्षी कमरेइतका. खरी चूक सापडली ती शेजारगावच्या एका कुंभारणीला! तिसऱ्या वर्षी ठकू पेटत्या आव्याशेजारी बसून ओवी म्हणाली — अख्खी, एका दमात.

प्रधानजींना हसलात ना? हसा. पण या मांडवामागे महाप्रसादाची चूल पेटलीय आणि मघापासून आपल्या सरूताई खोकतायत. दिनकर लोहाराने बिनधुराची चूल करून दिली होती. पहिल्याच दिवशी भात करपला, आणि देवस्थान समितीने ती अडगळीत टाकली. समिती कुठे बसलीय? पुढच्याच रांगेत!

उद्या ती चूल बाहेर काढा. भात करपेल. परवाही करपेल. पानात पडेल तो मुकाट्याने खा, आणि का करपला ते दिनकरला सांगा.

चला, आता सगळ्यांनी मोठ्याने विठ्ठलाचं नाव घ्या. सरूताई, तुम्ही राहू द्या. तुम्ही जरा दम खा.