हृदयात दुसरी

…नाही, बस तू. उठू नको. बाकावर माझं नाव लिहिलेलं नाही. आणि आत जायचा पास एकच आहे, तो माझ्या मुठीत आहे, तेव्हा घाई करून जाणार कुठं? शिलाईचं दुकान बंद ठेवून आलीस वाटतं? मग आता ऐकूनच जा.

काल डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. तरुण पोर आहे, हळू बोलते. म्हणाली, "मावशी, पहिली फुफ्फुसात आहे ते तुम्हाला माहीतच आहे. पण आता त्यांच्या हृदयात दुसरी आहे." मी म्हटलं, "ते मला कधीचं माहीत आहे. शिलाईचं दुकान आहे तिचं." — हसू नको. नर्सनं तोंड फिरवलं. मग कळलं, दुसरी म्हणजे दुसरी गाठ. पण तोंडातून गेलं ते गेलं. आता या मजल्यावर झाडूवालीलासुद्धा तू माहीत आहेस.

मग मी विचारलंच, हृदयात जातो का कधी कॅन्सर? तर म्हणे जातो, पण सहसा नाही. कॅन्सरनं गेलेल्या दहाजणांत एखाद्याच्या हृदयात सापडतो, तोही बऱ्याचदा मेल्यावर, उघडून बघितलं तर. हृदय सारखं हलतं ना, तिथं कुणाला बूड टेकायला मिळत नाही. ते मला काय सांगते ती? संसार केलाय मी. पण फुफ्फुस पडलं शेजारी, भिंतीला भिंत, तिथून सरकत जातो. नाहीतर रक्तातून. आणि हृदयाची स्वतःची गाठ तर फारच विरळा, असते ती बाहेरून आलेलीच. — बाहेरून आलेलीच, ऐकलंस? मी नाही म्हणत, डॉक्टरीण म्हणते. खरं सांगू, मला त्या गाठीचा हेवा वाटला. मी आपली उंबऱ्यात उभी, हातात इस्त्री, आणि ही मेली सरळ आत.

तुझ्या मशीनला तरी असं काय दुखणं होतं गं, दर आठवड्याला? गावभर मशिनी दुरुस्त केल्या यांनी, दुसऱ्यांदा कुठं जावं लागलं नाही. तुझ्याकडून मात्र यायचे ते शर्टाची बटणं पक्की करून. मी बटण दोन टाक्यांत लावते. ते फुलीचे टाके, खाली दोरा गुंडाळलेला — मला दिसत नव्हतं? लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरते मी, मला कापड वाचता येतं. एकदा तर सगळी बटणं उसवली आणि माझ्या हातानं लावली. यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

सकाळी सुई घालून पाणी काढलं. हृदयाभोवती पिशवी असते, ती पाण्यानं भरली की हृदयाला फुलायला जागा उरत नाही. जरा श्वास मिळाला तसे डोळे उघडले, म्हणाले, "आली का?" मी म्हटलं, मी कुठं गेले होते? तर नुसती मान हलवली. तू नाही, अशी. — हे मी तुला सांगणार नव्हते. मी तुला हाकलायलाच बसले होते इथं.

पाणी परत भरतंय. आज बोलतील तेवढंच बोलतील म्हणे. धर पास. धर म्हणते ना. आडवं करू नको, दम लागतो, उशी पोटाशी देऊन पुढं वाकवून बसव. अगदीच कलंडले तर यांना कुठल्या कुशीवर झोप लागते ते तुला काय सांगायचं — का गं? अशी काय बघतेस?

माहीत नाही?

खरंच नाही माहीत? मग इतकी वर्षं तिथं बसून करत काय होतात तुम्ही — बोलत होतात? नुसतं बोलत? हे? घरात मीठ कमी आहे म्हणायलासुद्धा यांचं तोंड उघडत नव्हतं, आणि तुझ्याकडे बसून बोलत होते? काय बोलायचे? — नको. सांगू नको. उजवी कूस. जा आता, माझं मन फिरायच्या आत जा.